जुन्या गाडीचे ब्रेक थरथरतात, खरखरतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे २००८ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. राहतो चिपळूणला, सासर कराडला, म्हणजे महिन्यातून एकदा कुंभार्ली घाट ठरलेलाच. मी मिस्त्री नाही, पण या गाडीच्या ब्रेकपायी एवढे पैसे आणि रविवार घालवलेत की आता नात्यातले, सोसायटीतले, सगळे आधी मलाच फोन करतात आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. इथे जे आहे ते आपल्याकडच्या साध्या गाड्यांबद्दल, म्हणजे अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, आय टेन या जातीच्या, पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम (फिरणारा डबा, त्याला आतून लायनर घासतात).

आधी एवढंच सांगा, गाडी चालवू की उभी करू?

पेडल नेहमीपेक्षा खाली जातंय, दोनदा मारल्यावर ब्रेक लागतोय, ब्रेकचा लाल दिवा लागलाय, चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसतेय, किंवा ब्रेक मारला की लोखंडावर लोखंड घासल्याचा खर्रर आवाज येतोय, यातलं एक जरी असेल तर गाडी हलवू नका, मिस्त्रीला घरी बोलवा किंवा टो करा. "गॅरेज दोनच किलोमीटर आहे" असं म्हणून निघणारे मी पाहिलेत, त्या दोन किलोमीटरमध्ये एक उतार आणि एक शाळा असते.

नुसती थरथर असेल, पेडल घट्ट असेल आणि गाडी सरळ थांबत असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत जाता येतं. पण घाट नको.

थरथर ब्रेकचीच आहे की टायरची, कसं ओळखू?

ब्रेकवर पाय नसताना ८०-१०० च्या स्पीडला स्टेअरिंग थरथरतं आणि स्पीड त्याच्या पुढे-मागे झाला की कमी होतं, तर ते बहुतेक चाकाचं बॅलन्सिंग किंवा टायरला आलेला फुगा. पायाने ब्रेक दाबला की सुरू आणि सोडला की बंद, तर ब्रेक. एवढं साधं आहे, पण लोक हे न बघता थेट अलाइनमेंटवाल्याकडे जातात, तो बिचारा अलाइनमेंट करून देतो, थरथर तशीच. आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

अजून एक खूण म्हणजे ब्रेकची थरथर चाकाच्या फेऱ्यांबरोबर चालते. १३ इंची रिमचं चाक ६० च्या स्पीडला सेकंदाला साधारण ९ फेऱ्या मारतं, म्हणून सुरुवातीला भरभर भरभर लागतं आणि गाडी हळू होत गेली की तेच धडक... धडक... असं मोजता येण्याइतकं सुटं होतं. असं झालं की समजायचं, गोल फिरणाऱ्या कुठल्या तरी वस्तूत एका जागी फरक आहे.

हे कुठे करून बघायचं? रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कोणी नाही ते आरशात बघून. हायवेवर नाही.

पुढच्या चाकाचं आहे की मागच्या, हे सीटवर बसून कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. स्टेअरिंग हातात डावं-उजवं हलत असेल तर पुढच्या डिस्क. स्टेअरिंग शांत पण सीट आणि पेडल हलतंय तर मागचे ड्रम, जे गोल राहिलेले नाहीत. खात्री करायला हँडब्रेक वापरता येतो कारण या गाड्यांत तो केबलने फक्त मागच्या लायनरला लागतो. रिकाम्या रस्त्यावर ३०-४० चा स्पीड, हँडब्रेकचं बटण अंगठ्याने दाबूनच ठेवायचं म्हणजे तो अडकणार नाही, आणि हळूहळू ओढायचा. थरथर आली तर मागचं, नाही आली तर पुढचं. खसकन ओढाल तर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल, आणि पावसात तर हा प्रयोग करूच नका.

मिस्त्री म्हणतो डिस्क बेंड झालीय. खरंच वाकते का ती?

ह्या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे कारण याच्यावर माझे दोन डिस्कसेट गेलेत.

डिस्क म्हणजे ओतीव लोखंडाची जाड तबकडी. ती थाळीसारखी वाकून बसते हे फार क्वचित होतं. बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एक म्हणजे पॅडचा माल (घासून झिजणारा थर) डिस्कवर एका जागी चिकटून बसलेला असतो. घाट उतरून आलात, डिस्क तापून लाल व्हायच्या बेतात, आणि खाली टोलनाक्यावर ब्रेक दाबून धरून उभे राहिलात की पॅडचा ठसा तिथे उमटतो, पुढे दर फेरीला तो ठसा पॅडखालून जाताना पकड बदलते आणि तुम्हाला थरथर लागते. दुसरं म्हणजे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. आणि फरक किती, तर ०.०२ मिलिमीटरसुद्धा पुरतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे केसाच्या तिसऱ्या हिश्श्याने स्टेअरिंग नाचतं. डोळ्याला हे दिसणारच नाही, त्यामुळे चाक फिरवून नुसतं बघून "बेंड आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता हा जाडीचा फरक येतो कुठून? डिस्क ज्या हबवर बसते तो हब गंजलेला असतो, आमच्या कोकणात तर चार महिने पाऊस आणि उरलेले दमट, गंज येणारच. जुनी डिस्क काढली आणि हब न घासता नवीन चढवली की गंजाचा एक पोपडा मध्ये राहतो, डिस्क अगदी किंचित तिरकी बसते. त्या दिवशी काहीच कळत नाही, गाडी मस्त थांबते, तुम्ही खूश. पण तिरकी असल्यामुळे ब्रेक न दाबताही दर फेरीला तिची एक जागा पॅडला पुसटशी घासत जाते, हजारो किलोमीटर घासून तेवढीच जागा पातळ होते आणि चार-पाच महिन्यांनी थरथर परत हजर. मग लोक म्हणतात डिस्क डुप्लिकेट होती.

माझं हेच झालं. पहिला सेट टाकला, चार महिन्यांत परत. दुसरा महागातला टाकला, पाच महिन्यांत परत. गॅरेज तेच, मुलगा हुशार होता, हात चालायचा पण हब एकदाही घासला नाही आणि मलाही ठाऊक नव्हतं की सांगायला पाहिजे. तिसऱ्या वेळी कराडला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी डिस्क उतरवली, हबवरून बोट फिरवलं, माझं बोट धरून तिथे फिरवलं, आणि म्हणाले, "हे बघा तुमचं दुखणं." वायर ब्रश आणि पॉलिश पेपर, वीस मिनिटं. डिस्क तीच लेथवर मारून, म्हणजे यंत्रावर तासून सपाट करून, परत बसवली. त्यानंतर दोन पावसाळे गेले, थरथर नाही.

मग हे नीट मोजायचं कसं?

डायल गेजने, म्हणजे बारीकसा फरकही काट्यावर दाखवणाऱ्या मापकाने. स्टँड कशाला तरी घट्ट धरून गेजचं टोक डिस्कच्या बाहेरच्या कडेच्या थोडं आत टेकवायचं, डिस्क सगळ्या नटांनी आवळलेली पाहिजे, आणि एक फेरी फिरवायची. काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत डोलला तर उत्तम, ०.१० च्या वर गेला तर काहीतरी तिरकं आहे. मग डिस्क काढून हबवर एक भोक पुढे सरकवून बसवायची आणि परत मोजायचं, कधीकधी नुसत्या एवढ्यानेच काटा निम्म्यावर येतो, कारण हबचा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांना मारतो. सगळ्या जागी सारखाच राहिला तर हब किंवा बेअरिंगच गेलेलं असू शकतं.

गेज बऱ्याच गॅरेजमध्ये नसतं. लेथवाल्याकडे असतं.

चाकाचे नट हवेच्या गनने आवळले तर काय बिघडतं?

बिघडतं की. पंक्चरवाला गन लावून एका दमात एकेक नट फुल टाइट करतो, एक बाजू जास्त ओढली जाते आणि डिस्क हबवर तिरकी दाबली जाते. नट आधी हाताने, मग समोरासमोर असे टप्प्याटप्प्याने, शेवटी टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरापर्यंत आवळणारा पाना). या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटरच्या दरम्यान लागतं, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पंक्चर काढून आल्यावर थरथर सुरू झाली असेल तर पहिलं काम हेच, नट ढिले करून परत नीट आवळा. फुकटचा उपाय.

डिस्क लेथवर मारून घेऊ की नवीन टाकू?

डिस्कच्या टोपीवर किंवा कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, गंजाखाली लपलेला असतो, घासून बघा. मारून झाल्यावर डिस्क त्या आकड्यापेक्षा चांगली जाड राहणार असेल तर मारा, नाहीतर नवीन. तडे गेले असतील तर विचारच करू नका. आणि दोन्ही बाजूंचं एकदमच करायचं, डावी नवी आणि उजवी जुनी असं केलं की गाडी एका बाजूला ओढायला लागते. पॅडचंही तसंच, लायनरचंही तसंच.

ड्रमचं उलटं असतं, तो मारला की मोठा होत जातो, म्हणून त्याच्यावर जास्तीत जास्त व्यासाचा आकडा असतो.

रोज सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खर्र आवाज येतो, नंतर काही नाही. पॅड गेले का?

रात्री पाऊस होता का? गाडी धुतली होती का? मग तो डिस्कवर आलेला लाल गंज आहे, ओतीव लोखंडाला एका रात्रीत चढतो आणि दोन-चार ब्रेकला पुसला जातो. काही करू नका. गाडी पंधरा दिवस उभी असेल तर पॅडच्या जागेचा ठसा राहतो, तो जायला थोडा वेळ लागतो. दहा-पंधरा किलोमीटर शांतपणे ब्रेक मारत गेल्यावरही आवाज तसाच असेल तरच पॅड बघा.

चीं चीं आणि खरखर यात फरक काय?

चीं म्हणजे निरोप, खरखर म्हणजे नुकसान चालू. बऱ्याच पॅडला एक छोटी पोलादी पट्टी असते, माल संपत आला की ती डिस्कला टेकते आणि बारीक किंचाळते. तेव्हा गेलात तर फक्त पॅडवर भागतं. ऐकलंच नाही, गाण्याचा आवाज वाढवला (आमचा आतेभाऊ, नाव घेत नाही), तर माल संपून पॅडची लोखंडी पाठ डिस्कला घासते, खरखर येते, डिस्कवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखे चर पडतात आणि पॅड दाबणारा पिस्टन जास्तच बाहेर आल्याने तिथून ब्रेक ऑइल गळू शकतं.

मात्र प्रत्येक चीं म्हणजे पॅड संपले असंही नाही. स्वस्त कडक पॅड, पॅडच्या मागची पातळ पट्टी म्हणजे शिम लावलीच नाही, क्लिप गहाळ, धूळ, ही कारणंही असतात. आणि सगळ्याच पॅडला ती पट्टी नसते, म्हणून आवाजाच्या भरवशावर बसू नका.

पॅड घरी कसे बघायचे?

काही रिमच्या फटीतून टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो. पण आतला दिसत नाही, आणि बहुतेक आतलाच आधी संपतो, तेव्हा चाक काढाच. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड नाही तर विटा. नट जमिनीवर असतानाच थोडे ढिले करा, मग जॅक. जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकंबिकं घालायचं नाही, काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा म्हणजे जॅक घसरला तरी गाडी त्याच्यावर बसेल.

नवीन पॅडचा माल साधारण १० मिलिमीटर असतो. ३ वर आला की बदला. मोजताना लोखंडी पाठ धरायची नाही, फक्त काळा माल. दोन्ही बाजूंचे, आतले-बाहेरचे असे चारही बघा आणि एका कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या निदानात तोच कागद कामाला येतो.

आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, कॉम्प्रेसरने तर अजिबात उडवू नका. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा.

आतला पॅड संपला, बाहेरचा जवळजवळ नवा. असं का?

या गाड्यांच्या कॅलिपरला (पॅड धरून डिस्कवर दाबणारा चिमटा) पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्या धक्क्याने अख्खं कॅलिपर स्लायडर पिनवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतं. पिन सुकली, गंजली, तिचं रबरी बूट फाटून पाणी गेलं की कॅलिपर सरकत नाही आणि सगळं काम आतल्याच पॅडवर येतं. पिन काढून साफ करायची, बूट फाटलं असेल तर नवीन, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं ग्रीस लावायचं. नेहमीचं बेअरिंगचं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं आणि पिन आधीपेक्षा जास्त अडकते. दहा रुपयांचं ग्रीस वाचवायला जाऊन पॅडचा सेट घालवतात लोक.

पॅड बदलताना गॅरेजमध्ये बघत उभे राहा: कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलची रबरी नळी) लोंबकळत ठेवलेलं दिसलं तर तारेने बांधायला सांगा. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाचदा दाबून घट्ट करून घ्या, पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. गेटवर गाडी ठोकलेली याच कारणाने पाहिलीय.

ब्रेकवर पाय नसतानाही घासल्याचा आवाज येतो. आता हे काय?

तीन शक्यता आधी तपासा. पहिली, डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यामध्ये खडी अडकलीय. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक पत्रा कापल्यासारखा कर्णकर्कश आवाज, तर नव्वद टक्के हेच. रिव्हर्स घेतली की कधीकधी खडी पडते, नाहीतर चाक काढून लांब स्क्रू ड्रायव्हरने. पत्राच गंजून वाकला असेल तर हाताने थोडा मागे सारा.

दुसरी, बेअरिंग. हा आवाज घुंईं असा, स्पीडबरोबर वाढतो, ब्रेकशी त्याचा संबंध नाही, पण वळणावर बदलतो. गाडी उजवीकडे वळवली की वजन डाव्या चाकांवर येतं, तेव्हा वाढला तर डावं बेअरिंग, डावीकडे वळवताना वाढला तर उजवं. जॅकवर चाक वर-खाली धरून हलवा, खुळखुळ लागली तर ब्रेकचं नंतर बघू, आधी बेअरिंग, कारण ढिल्या बेअरिंगवर कुठलीच डिस्क सरळ फिरत नाही.

तिसरी, ब्रेक सुटतच नाहीये. ते पुढच्या प्रश्नात. फुल वळणावर कट कट कट असा आवाज येत असेल तर तो ॲक्सलच्या जॉइंटचा, ब्रेकवाल्याचे पैसे वाचवा.

एक चाक तापतं, जळका वास येतो, ॲव्हरेजही पडलंय.

ब्रेक चिकटतोय. दहा-बारा किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता जा, थांबून चारही रिमच्या जवळ हाताची पाठ न्या, लावू नका, नुसती जवळ. एक चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच गरम असेल तर तेच. पिन अडकलीय, की पिस्टन गंजलाय, की रबरी होज आतून फुगलीय? होजचं फार लोकांना सुचत नाही, ती बाहेरून बरी दिसते पण आतून बंद होत आलेली असते, पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत येत नाही. कॅलिपरचा ब्लीड स्क्रू (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) थोडा उघडल्यावर चाक एकदम मोकळं झालं तर अडचण होजमध्ये किंवा वर पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे, तरीही नाही झालं तर पिस्टन किंवा पिन.

चिकटणारा ब्रेक गाडीला स्वतःच्या बाजूला ओढतो, ब्रेक न मारताही. काम न करणारा ब्रेक असेल तर ब्रेक मारल्यावर गाडी विरुद्ध बाजूला, म्हणजे चांगल्या ब्रेककडे जाते. हे उलटंपालटं समजून चांगलंच कॅलिपर बदलणारे आहेत.

मागून घरघर येते. ड्रम उघडायला मिस्त्री टाळाटाळ करतो.

करणारच, गंजलेला ड्रम निघता निघत नाही. बऱ्याच ड्रमला आणि डिस्कलाही दोन आट्यांची भोकं असतात, त्यात बोल्ट आळीपाळीने आवळत गेलं की तो आपसूक बाहेर येतो, हातोड्याचे घाव घालायची गरज नाही. ड्रममध्ये लायनरची धूळ साठते, पाण्यात कालवून तिचा लगदा होतो, स्प्रिंग तुटतात, लायनर संपून धातू घासतो. आत ओल दिसली आणि ब्रेक ऑइलचा वास असेल तर व्हील सिलिंडर (ड्रममधला लायनर ढकलणारा भाग) गळतोय, ते लायनर धुऊन-वाळवून परत घालू नका, फेका.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा माझी गाडी बोनेटपर्यंत पाण्यात होती. इंजिनाचं सगळ्यांनी बघितलं, विम्यावाल्यानेही तेच बघितलं. ड्रम दोन महिन्यांनी उघडले तर आत चक्क वाळलेला चिखल, कुंभाराकडे असतो तसा. तोवर ड्रमवर चर पडलेले. गाडी पाण्यातून काढली असेल तर चारही चाकांचे ब्रेक उघडून धुवायचे आणि बेअरिंग तपासायची, हे पहिल्या आठवड्यात.

पावसाळ्यात गाडी उभी होती, आता मागचं चाक हलतच नाही.

हँडब्रेक ओढून ठेवला होतात ना? लायनर ड्रमला गंजाने चिकटलंय. पुढे-मागे हलकेच गाडी हलवा, टक् आवाज येऊन सुटतं. नाही सुटलं तर ड्रमवर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. एक्सलेटर दाबून जोर करू नका, लायनरचा माल पट्टीवरून उखडून येतो आणि मग खरी खरखर सुरू होते. लांब मुदतीला सपाट जागेवर गाडी गिअरमध्ये, चाकाला वीट, हँडब्रेक खाली.

घाट उतरताना शेवटी शेवटी थरथर आणि वास, खाली आल्यावर बरं. का?

तापतंय म्हणून. कुंभार्ली असो, वरंध असो की आंबोली, ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनाला गाडी धरू दे. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवणाऱ्या लोकांशी मी आता वाद घालत नाही, पण बाजूला बसतही नाही. ब्रेक सतत टेकवून ठेवायचा नाही, नीट दाबून स्पीड कमी करायचा आणि सोडायचा. आणि इंजिन बंद करून उतरणं तर नकोच, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या हवेच्या ओढीवर दोन-तीन ब्रेक लागतात, मग पेडल दगड.

पायाखाली पेडल मऊ लागायला लागलं तर ते ऑइल उकळत असल्याचं लक्षण. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं डॉट ३ (ऑइलचा दर्जा, डब्यावर लिहिलेला असतो) कमीत कमी २०५ अंशांपर्यंत तग धरतं, पाणी मुरलेलं १४०. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, आमच्यासारख्या दमट गावात तर टाळूच नका. थरथर मात्र ऑइलने होत नाही, "ऑइल बदललं की जाईल" असं कोणी सांगितलं तर ऑइल बदलून घ्या आणि थरथरीसाठी दुसरीकडे जा.

खाली उतरल्यावर लगेच वॉशिंग सेंटरला नेऊन तापलेल्या चाकांवर पाण्याचा फवारा मारू नका. चहा प्या, अर्धा तास थांबा.

ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं आणि खरखर आवाज, पण गाडीत एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे.

जोरात मारला आणि रस्ता ओला किंवा खडी असेल तर तसंच व्हायला पाहिजे, पाय सोडू नका. पण कोरड्या रस्त्यावर, हळू मारलेल्या ब्रेकला, थांबता थांबता शेवटी धडधडत असेल तर चाकाच्या सेन्सरवर लोखंडी कचरा बसलाय किंवा दातेरी रिंगला तडा गेलाय. आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं २०१९ च्या एप्रिलपासून झालं, त्याआधीच्या छोट्या गाड्यांत बहुतेक नसतंच, तेव्हा आधी तुमच्या गाडीत आहे का ते बघा. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये त्याचा दिवा लागून जातो, तो लागला तर आहे.

नवीन पॅड टाकले, तरी आवाज. फसवलं का मला?

असेलही, पण आधी हे बघा. जुन्या डिस्कच्या कडेला धार आलेली असते, नवा पॅड तिच्यावर चढतो. नव्या डिस्कला गंज न येण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने न पुसता बसवलं तर पॅड ते पितो. क्लिप आणि शिम जुन्या डब्यात राहून गेल्या का विचारा. आणि पॅड मुरवलेत का? नवीन पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा, मध्ये थोडं धावू द्यायचं, शेवटी पाच-सहा किलोमीटर ब्रेक न मारता थंड होऊ द्यायचं. पुढचे दोनशे किलोमीटर अंगावर येईल असा ब्रेक टाळा. हे न करता कोणी थेट सामान भरून घाटात गेलं तर डिस्कवर पॅडचा तो ठसा उमटलाच म्हणून समजा.

सगळं केलं. डिस्क मोजली, हब घासला, पॅड नवीन. थरथर थोडी आहेच.

मग गाडीच्या खालचा, सस्पेन्शन आणि स्टेअरिंगचे सांधे असलेला भाग बघा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. हे स्वतः थरथर तयार करत नाहीत, पण ढिले असले की जी थरथर नव्या गाडीत जाणवलीही नसती ती स्टेअरिंगपर्यंत आणून पोचवतात. पंधरा वर्षांच्या गाडीत बुश मूळचेच असतील तर ते कधीच गेलेले असतात.

गॅरेजमध्ये गेल्यावर नेमकं काय सांगू?

"ब्रेकचं काम आहे" एवढंच सांगू नका, मग तो स्वतःच्या मनाने करतो. सांगा की ६० वरून ब्रेक मारल्यावर स्टेअरिंग हलतं, सकाळी कमी, तापल्यावर जास्त, हँडब्रेकने होत नाही, शेवटचं पंक्चर अमक्या दिवशी काढलं. मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारा. मग तीन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या: हब घासणं, पिनला योग्य ग्रीस, नट टप्प्याटप्प्याने. जुने पॅड परत मागून घ्या, कुठल्या चाकाचा कुठला ते खडूने लिहून.

गाडीला पंधरा वर्षं झाली, आरसी रिन्यू करायचीय. ब्रेक बघतात का?

बघतात, खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांनी फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांसाठी रिन्यू होते. तारखेच्या महिनाभर आधी सगळं उघडून घ्या, आदल्या दिवशी नाही, कारण नवीन पॅड-लायनर मुरायला वेळ लागतो आणि हँडब्रेकची केबल ताणलेली निघाली तर जुन्या मॉडेलची केबल हमखास दुकानात नसते, मागवावी लागते. माझी आठ दिवसांनी आली होती, आणि आली ती डाव्या बाजूची, लागत होती उजवी.